गटकर्जाचे गणित : तारण नसलेल्या कर्जात तारण कशाचे असते?

निपाणीत विड्या वळणाऱ्या बायका असोत, बेळगावच्या वडगाव-खासबाग भागात मागावर पोट असलेल्या घरांतल्या असोत किंवा खानापूर तालुक्यात भातलावणीच्या रोजंदारीवर जाणाऱ्या असोत, ‘फायनान्सचा हप्ता’ त्यांच्या घरखर्चाच्या हिशोबात आता कायमचा येऊन बसला आहे. जमिनीचा उतारा, सोने, पगारपत्रक किंवा सरकारी नोकरीतला जामीनदार यांपैकी काहीही न मागता चाळीस-पन्नास हजार रुपये आठ-दहा दिवसांत हातात देणारी ही कर्जे मायक्रोफायनान्स कंपन्या आणि काही बँका देतात. ज्यांना बँकेच्या शाखेत कोणी बसायलाही सांगत नव्हते, त्यांच्या अंगणापर्यंत हे पैसे पोहोचले, ही गोष्ट मोठी आहे आणि ती मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे. मात्र याच कर्जांच्या वसुलीपायी माणसे गाव सोडून गेली, काहींनी जीव दिला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला त्यासाठी वेगळा अध्यादेश काढावा लागला. एकच व्यवहार इतका उपयोगी आणि इतका जाचक कसा ठरतो, हे समजायचे असेल तर वसुलीवाल्या मुलाच्या स्वभावाकडे पाहून भागत नाही. त्या धंद्याची रचना पाहावी लागते, आणि ती रचना एका गोष्टीवर उभी आहे. या कर्जाला तारण नाही असे कागदावर लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात तारण असते. ते म्हणजे त्या बाईची तिच्या गल्लीतली पत.

या पद्धतीचा उगम बांगलादेशातला. मुहम्मद युनूस या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९७६ मध्ये जोब्रा नावाच्या गावात गरीब बायकांना छोट्या रकमा द्यायला सुरुवात केली, १९८३ मध्ये त्यातून ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ मध्ये युनूस व त्यांची बँक यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात त्यानंतर काही वर्षांनी दुसरी वाट पडली. शेती आणि ग्रामविकासासाठीच्या नाबार्ड या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला आणि त्याच्या पूर्वतयारीत कर्नाटकातल्या स्वयंसेवी संस्थांचे काम मोलाचे होते. आपल्याकडे बायका आजही दोन्हींना सरसकट ‘संघ’ किंवा ‘ग्रुप’ म्हणतात, पण या दोन वाटा वेगळ्या आहेत. बचत गटात दहा ते वीस जणी आधी स्वतःचे पैसे साठवतात, कोणाला किती कर्ज द्यायचे ते स्वतः ठरवतात आणि व्याजाचा काही भाग गटाच्याच पेटीत राहतो. कंपनीच्या गटात बचत नसते. पाच-सात जणींना एकत्र बसवून प्रत्येकीला वेगळे कर्ज दिले जाते आणि एकमेकींची हमी घेतली जाते. पहिल्या वाटेत गट सावकाश तयार होतो, दुसऱ्या वाटेत तो आठवड्यात तयार होतो. भांडवल लवकर फिरवायचे असलेल्या कंपनीने दुसरी वाट का धरली, हे यावरून कळते.

हमी प्रत्यक्षात कशी चालते ते बैठकीत दिसते. ठरलेल्या दिवशी, बायका कामाला जायच्या आधी, कोणाच्या तरी सोप्यात चटई अंथरली जाते. बाहेर मोटारसायकल थांबते, ‘सर आले’ म्हणून एकमेकींना हाका जातात आणि विशी-पंचविशीतला एक मुलगा टॅब उघडून नावे घेऊ लागतो. प्रत्येकीच्या हातात कर्जाचे कार्ड आणि त्यात घडी घातलेल्या नोटा असतात. एकीचे पाचशे कमी पडतात. ती शेजारणीला हळूच म्हणते, “मावशी, आजच्या दिवस तुम्ही घाला की, शनिवारी बाजार झाल्यावर देते.” मावशी कमरेची पिशवी सोडते, काही बोलत नाही. सर टॅबवर पूर्ण वसुली नोंदवतात. कंपनीच्या दृष्टीने त्या गल्लीत थकबाकी शून्य आहे. पण दोघींच्या नात्यात पाचशेचे एक नवे देणे तयार झाले आहे आणि ते कोणत्याही ताळेबंदात येणार नाही.

हीच या धंद्याची खरी युक्ती आहे. बँकेला कर्जदाराची माहिती काढायला, त्याच्यावर लक्ष ठेवायला आणि वसुली करायला माणसे लागतात. इथे ती तिन्ही कामे शेजारणी फुकट करतात. कोणाचा नवरा कामाला जातो, कोणाच्या घरात दारू आहे, कोण माहेरी निघून जाईल, हे त्यांना आधीच माहीत असते. कर्जे बायकांनाच देण्यामागे महिला सक्षमीकरणाचे कारण सांगितले जाते आणि ते काही अंशी खरेही आहे. तरी धंद्याचे कारण त्याहून साधे आहे. बाई घर सोडून सहज जात नाही, ती दारात सापडते आणि चार जणींसमोर मान खाली जाण्याची तिला सर्वांत जास्त भीती असते.

शिवाय तिच्याकडे दुसरे दार नसते. सहकारी सोसायटीतून पीककर्ज बिनव्याजी किंवा अगदी कमी व्याजाने मिळते, पण त्यासाठी उतारा लागतो आणि आपल्या भागातल्या किती बायकांच्या नावावर उतारा आहे, हे प्रत्येकाने आपापल्या घरात पाहावे. उरतो गावातला सावकार. त्याचा भाव शेकडा तीन-चार रुपये महिना, म्हणजे वर्षाला छत्तीस ते अठ्ठेचाळीस टक्के. त्याच्या मानाने कंपनीचे कर्ज स्वस्तच आहे.

व्याजाचा हिशोब

किती स्वस्त, हे मात्र नीट मोजले पाहिजे, कारण फसगत इथेच होते. समजा, कोणी तोंडी सांगितले की पन्नास हजारांचे कर्ज, दोन वर्षांची मुदत, व्याज शेकडा एक रुपया महिना. वर्षाला सहा हजार, दोन वर्षांत बारा हजार व्याज. एकूण बासष्ट हजारांचे चोवीस हप्ते केले तर महिन्याला सुमारे २,५८३ रुपये येतात. ऐकणाऱ्या बाईला हे बारा टक्के वाटतात. पण वर्षभराने तिने जवळपास निम्मे मुद्दल फेडलेले असते आणि व्याज तरीही पूर्ण पन्नास हजारांवर चालू असते. शिल्लक राहिलेल्या रकमेवरच व्याज धरले, तर हाच दर वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के निघतो. आता सुरुवातीलाच प्रक्रिया शुल्क आणि विमा म्हणून हजार रुपये कापून तिच्या हातात एकोणपन्नास हजारच दिले असतील, तर तो पावणेचोवीसच्या आसपास जातो. म्हणून तोंडी सांगितलेल्या दरावर विसंबू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कंपनीने व्याज, शुल्क आणि विमा सगळे मिळून वार्षिक दर किती पडतो, ते लिहिलेले माहितीपत्रक कर्जदाराला देणे बंधनकारक आहे. तो एक आकडा वाचला की कंपन्यांची तुलना करता येते.

हा दर इतका का, याचे उत्तर लोभ एवढ्या एका शब्दात संपत नाही. कंपनी स्वतः बँकांकडून व्याजाने पैसे घेते. २,५८३ रुपयांचा हप्ता गोळा करायला माणूस, पेट्रोल आणि वेळ जितका लागतो, तितकाच पंचवीस हजारांच्या हप्त्यालाही लागला असता, त्यामुळे छोट्या कर्जावर वसुलीचा खर्च टक्केवारीत मोठा दिसतो. त्यावर बुडीत कर्जाची तरतूद आणि नफा येतो. अस्वस्थ करणारी बाब वेगळीच आहे. बँकांना आपल्या कर्जवाटपाचा ४० टक्के हिस्सा शेती, छोटे उद्योग, दुर्बल घटक अशा अग्रक्रमाच्या क्षेत्रांना द्यावा लागतो. खेड्यात स्वतः जाऊन शेकडो छोटी खाती सांभाळण्यापेक्षा मायक्रोफायनान्स कंपनीला एकरकमी कर्ज देणे किंवा तिची कर्जे विकत घेणे बँकेला सोपे जाते. म्हणजे ज्या शाखेच्या दारातून जांबोटीची किंवा नंदगडची बाई परत फिरली, त्याच प्रकारच्या बँकेचा पैसा एक फेरा घेऊन, मधल्या खर्चाने महाग होऊन तिच्याच सोप्यात येतो.

वाढीची घाई

एका गावात एकच कंपनी होती तोवर ही व्यवस्था बऱ्यापैकी सुरळीत चालत होती. बायका वेळेवर फेडत होत्या म्हणून बँका आणि गुंतवणूकदार आणखी पैसे देत गेले, आणि आलेला पैसा कोठेतरी वाटावाच लागतो. नव्या कंपनीला नव्या गावात जाऊन लोकांना गट, बैठक, हप्ता हे सगळे शिकवण्यापेक्षा जिथे दुसऱ्या कंपनीने ही सवय आधीच लावली आहे तिथे जाणे स्वस्त पडते. परिणामी दुर्गम वस्त्या कोरड्याच राहतात आणि बेळगाव-निपाणीसारख्या शहरांच्या आसपासच्या गावांत एका गल्लीत चार-चार कंपन्यांच्या बैठका भरतात. वेळेवर फेडणारी बाई ही तिथे सर्वांत मागणी असलेली ग्राहक ठरते आणि तिला न मागताही दुसरे, तिसरे कर्ज मिळू लागते.

हे पहिल्यांदा घडते आहे असे नाही. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात असेच झाले होते. त्याच वर्षी देशातल्या एका मोठ्या मायक्रोफायनान्स कंपनीने शेअर बाजारात पाऊल ठेवले, कर्जवाटप झपाट्याने वाढले, एकेका घरावर अनेक कर्जे चढली आणि कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढला आणि वसुली जवळजवळ ठप्प झाली. रिझर्व्ह बँकेने यासाठी नेमलेल्या मालेगाम समितीच्या अहवालानंतर २०११ मध्ये व्याजावर आणि कंपनी ज्या दराने पैसे घेते व ज्या दराने वाटते त्यांतल्या फरकावर मर्यादा घातली गेली. पुढे कंपन्यांचा ओघ इतर राज्यांकडे वळला आणि कर्नाटक आज मायक्रोफायनान्सच्या चालू कर्जांच्या एकूण रकमेत देशातल्या आघाडीच्या राज्यांत गणले जाते. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्याजदरावरची मर्यादा उठवली आणि तिच्या जागी दुसरा अंकुश आणला. वर्षाला तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले बिनतारण कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स, आणि त्या कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत.

नियम चांगला आहे. महिन्याला अठरा हजार कमावणाऱ्या घरावर नऊ हजारांपेक्षा जास्त हप्त्यांचा बोजा पडू नये, हे कोणालाही पटेल. अडचण अठरा हजार या आकड्यातच आहे. रोजंदारीवर, मागावर किंवा विडीवर चालणाऱ्या घराला पगारपत्रक नसते. उत्पन्न कर्जदार सांगते आणि कंपनीचा प्रतिनिधी लिहून घेतो. कर्ज मंजूर व्हावे असे दोघांनाही वाटत असते, आणि प्रतिनिधीच्या पगाराचा काही भाग तर किती वाटले आणि किती वसूल केले यावरच अवलंबून असतो. शिवाय महिन्याचे उत्पन्न ही सरासरी झाली. आपल्या पश्चिम भागात जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागून राहिला की गवंडीकाम बंद पडते, यंत्रमागाला मागणी नसली की पाळ्या कमी होतात, आणि जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तके, बी-बियाणे हे सगळे एकदमच येते. हप्ता मात्र बाराही महिने तेवढाच असतो. त्या एका वाईट महिन्यात बाई दुसऱ्या कंपनीचे कर्ज काढून पहिलीचा हप्ता भरते आणि तिथून ती गुंतत जाते. ऑगस्ट २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेतून घरच्या कर्त्या बाईला महिन्याला दोन हजार रुपये मिळू लागले. अनेक घरांत ते थेट हप्त्यात जातात, आणि योजनेचे पैसे दोन-तीन महिने अडकले की हप्ताही अडकतो.

कर्ज धंद्यासाठी, म्हणजे शिलाई मशीन, म्हैस, भाजीचा गाडा यांसाठी घेतले असे अर्जात लिहिलेले असते. प्रत्यक्षात पैसे दवाखान्याला, मुलीच्या लग्नाला, घरावरच्या पत्र्याला, मुलाच्या इंग्रजी माध्यमाच्या फीला लागतात. यात त्या बाईची उधळपट्टी पाहणाऱ्यांशी मी सहमत नाही. सरकारी दवाखाना आणि सरकारी शाळा यांच्यावरचा विश्वास उडाला की त्यांची किंमत गरीब घराला कर्जाने चुकवावी लागते. पण धंद्यासाठी घेतलेल्या कर्जातून निदान कमाई वाढण्याची शक्यता असते. फी भरण्यासाठी घेतलेल्या कर्जाचा पुढचा हप्ता आधीच्याच मजुरीतून काढायचा असतो.

हप्ता चुकला की सुरुवातीला सांगितलेले तारण वसुलीला काढले जाते. गटातल्या बाकीच्या जणींना ‘तिचे पैसे येईपर्यंत उठायचे नाही’ असे सांगून बसवून ठेवले जाते. अंधार पडला तरी माणसे दारात उभी राहतात. बोलणे मुद्दाम मोठ्याने होते, म्हणजे शेजाऱ्यांना ऐकू जावे. कालपर्यंत पाचशे रुपये घालणारी मावशीच आज अंगावर येते, कारण तिचे पुढचे कर्ज या वसुलीवर अडलेले असते. वसुलीला येणारा मुलगाही बहुधा रायबाग, अथणी, गोकाककडच्या एखाद्या शेतकऱ्याच्याच घरातला असतो. ओळखीपाळखीच्या माणसांना त्याने सूट देऊ नये म्हणून त्याला गावापासून लांब नेमलेले असते, आणि संध्याकाळी शाखेत त्यालाही उत्तर द्यायचे असते. त्याच्या वागण्याचे समर्थन करता येत नाही, पण दोष फक्त त्याच्यावर टाकून कंपनीला मोकळे सोडणेही बरोबर नाही.

याच घाईचा फायदा घेऊन आणखी एक प्रकार बोकाळला. ‘कर्ज तुमच्या नावावर काढा, निम्मे पैसे तुम्हाला, निम्मे मला, हप्ते मीच भरतो’ किंवा ‘यात निम्मी सबसिडी आहे’ असे सांगणारे मध्यस्थ गावोगाव फिरले आणि काही महिने हप्ते भरून गायब झाले. बेळगाव भागातून अशा तक्रारी २०२४-२५ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर पुढे आल्या. मायक्रोफायनान्सच्या कर्जात सबसिडी असा प्रकारच नसतो. ज्या नावावर कर्ज, त्याच नावावर देणे, मग पैसे कोणीही वापरलेले असोत.

कायदा आणि हक्क

कर्नाटकच्या अध्यादेशाची पहिली प्रत राज्यपालांनी परत पाठवली होती. सुधारित अध्यादेशावर त्यांनी १२ फेब्रुवारी २०२५ रोजी सही केली आणि नंतर त्याचा कायदा झाला. जबरदस्तीने वसुली करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. कायदा आल्यावर ‘सगळी फायनान्सची कर्जे माफ झाली’ असा समज अनेक गावांत पसरला. तो चुकीचा आहे. कर्ज रद्द होण्याची तरतूद परवाना व नोंदणी नसलेल्या सावकारांच्या आणि संस्थांच्या कर्जांसाठी आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या कंपनीचे कर्ज फेडावेच लागते, आणि न फेडल्यास कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या पतमाहिती कंपनीकडे तशी नोंद होऊन पुढचे प्रत्येक कर्ज, अगदी बँकेचेही, अडते.

पण फेडावे लागते म्हणजे काहीही सहन करावे लागते असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे वसुली दोघांच्या संमतीने ठरलेल्या जागी करायची असते, आणि कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा तिथे आली नाही तरच प्रतिनिधीने तिच्या घरी जायचे असते. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना त्रास देणे, चारचौघांत अपमान करणे यांना स्पष्ट मनाई आहे. उशिराचा दंड फक्त थकलेल्या हप्त्यावर लावता येतो, पूर्ण कर्जावर नाही. मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड घेता येत नाही. विमा किंवा मिक्सर-सोलर दिव्यासारखी वस्तू कर्जाबरोबर गळ्यात मारता येत नाही. त्यासाठी कर्जदाराची स्पष्ट संमती लागते.

सीमाभागासाठी यातला एक नियम विशेष महत्त्वाचा आहे. करारनामा आणि कर्जाचे कार्ड कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे. खानापूर, निपाणी किंवा बेळगाव तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलेल्या बाईपुढे कन्नड किंवा इंग्रजी कागद ठेवून ‘इथे सही करा’ म्हटले जाते, आणि तिला तो वाचता येत नाही हे दोघांनाही ठाऊक असते. मराठीत कागद मागणे हा तिचा हक्क आहे, आणि तो भाषेच्या राजकारणातून आलेला नाही. कन्नड वाचणाऱ्या बाईला कन्नडमध्ये आणि उर्दू वाचणाऱ्या बाईला उर्दूमध्ये कागद मागण्याचा तोच हक्क आहे. आपल्याकडच्या महिला मंडळांनी, तरुण मंडळांनी आणि ग्रामपंचायत सदस्यांनी कर्ज घेण्याच्या वेळी एवढी एक मागणी एकत्रितपणे लावून धरली, तर निम्मी फसगत सहीच्या आधीच थांबेल असे मला मनापासून वाटते.

पोलीस येऊन धरून नेतील, घराला कुलूप लावू, या धमक्या सर्रास दिल्या जातात. कर्ज थकणे ही दिवाणी बाब आहे आणि केवळ त्यासाठी अटक होत नाही. बिनतारण कर्जात घरावर कंपनीचा हक्क नसतो. मात्र एक खात्री करून घ्यावी. काही कंपन्या घरदुरुस्तीसाठी किंवा बांधकामासाठी कर्ज देतात आणि त्यात घराचे गहाणखत करून घेतात. दिसायला हप्ता सारखाच असला, तरी ते कर्ज पूर्ण वेगळे आहे. त्यात साठ दिवसांची नोटीस देऊन घराचा ताबा घेण्याची कायदेशीर वाट कंपनीला असू शकते. त्यामुळे घराचे कागद कोणी मागितले, तर हे गटकर्ज नाही असे समजून आधी जाणत्या माणसाला दाखवावे.

हप्ता झेपत नसेल तर गप्प बसून बैठक चुकवण्यापेक्षा किंवा दुसरे कर्ज काढण्यापेक्षा कंपनीला लेखी अर्ज देऊन मुदत वाढवून मागावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. भरलेल्या प्रत्येक रुपयाची कार्डावर नोंद आणि पावती त्याच वेळी मागावी, आणि कर्ज संपल्यावर देणे बाकी नसल्याचा दाखला घ्यावा. तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करायची, त्याचा नंबर कार्डावर असतो. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि त्यासाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मारहाण, धमकी किंवा घरात शिरण्याचा प्रकार झाला असेल तर महिनाभर थांबायचे कारण नाही, थेट पोलीस ठाण्यात जावे. वकिलाची फी परवडत नाही म्हणून बायका मागे राहतात, पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही महिलेला, तिचे उत्पन्न किती आहे हे न पाहता, मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० वर फोन करता येतो किंवा बेळगावच्या न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात कर्जाचे कार्ड, आधार कार्ड आणि साधा अर्ज घेऊन जाता येते.